शेवटच्या घरातला गारवा

१

“तिलाच बसवा तिथं. नवी आहे, अजून घरात तिची कुणाला सवय झालेली नाही.”

हे आत्याबाई बोलल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, निर्मलाबाई. मामंजींशी बोलत होत्या, ओसरीवर, पान लावता लावता. मी दाराआड ताक घुसळत होते. रवी थांबली की आतलं माणूस ऐकतंय हे साऱ्या जगाला कळतं, म्हणून मी रवी थांबवली नाही.

मामंजी म्हणाले, “अगं, पण भागाबाई का नाही म्हणते, ते तरी विचार.”

“तिला काय विचारायचं? दोन दुपारी फुकटात झोपली, आता म्हणते अंग धरतं. कामचुकार मेली.”

भागाबाई म्हणजे मामंजींच्या बांधकामावर पाणी भरणारी. तर गोष्ट अशी होती. मामंजी, म्हणजे प्रभाकरराव, बांधकामाचे ठेकेदार. नवा मध्यप्रदेश झाला त्याच्यानंतरचा हा पहिलाच उन्हाळा. नागपूरच्या कचेऱ्या भोपाळला गेल्या, ग्वाल्हेर-इंदूरकडची साहेबमंडळी बदलून आमच्या बुऱ्हाणपुरात यायला लागली. त्यांच्यासाठी लालबागेच्या पुढं मामंजींनी घरांची एक ओळ उभी केली होती. ताबा देण्याआधी प्रत्येक घर उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार राहतं का, हे तपासून द्यायचं होतं. बाकीची घरं झाली होती. केळीच्या बागेला टेकलेलं शेवटचं घर तेवढं उरलं होतं.

ते ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, आनंद झाला. लग्न झाल्यापासून दुपारची झोप ही वस्तू कशी दिसते तेसुद्धा मी विसरले होते.

२

मामंजींचा काचेतल्या पाऱ्यावर विश्वास नव्हता. त्यांची तपासणीची रीत त्यांच्या वडिलांपासूनची. वैशाखातल्या दुपारी, पोटभर जेवून, एका माणसानं नव्या घराच्या जमिनीवर आडवं व्हायचं. दारं लावून घ्यायची. झोप लागली तर घर पास. घामानं भिजून उठलं तर झरोके बघायचे, छप्पर बघायचं, पुन्हा झोपायचं. आणि शेवटी, ज्यानं झोप काढली त्यानंच सगळ्यांसमोर उभं राहून तोंडानं सांगायचं, “या घरात झोप लागते.” त्याशिवाय मामंजी किल्ली द्यायचे नाहीत. एवढं सोपं काम बायकांच्या वाट्याला कसं आलं, याचंच मला नवल.

आमच्या ह्यांना मात्र हे पटायचं नाही. हे, म्हणजे एकदाच नाव घेऊन टाकते, नंदकुमार, नागपूरला ओव्हरसियरकी शिकून आलेले.

“बाबा, झोप म्हणजे काय मोजमाप झालं का? मी थर्मामीटर लावतो.”

“लाव ना. पण घरात राहणार आहे माणूस, तुझी ती काचेची कांडी नाही.”

घर चांगलं होतं. मागच्या खोलीच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, त्यांच्यावर भोकं पाडलेली नळी, आणि गच्चीवर टाकी. टाकीतलं पाणी ताट्यांवर झिरपायचं आणि बाहेरची लू, म्हणजे दुपारचा तापलेला वारा, आत येताना गार होऊन यायची. पुढच्या खोलीत मात्र भिंतीत शेगडी आणि वर धुराडं! भोपाळहून आलेल्या नकाशात होतं म्हणून बांधलं. मामंजी म्हणाले, “बुऱ्हाणपुरात धुराडं म्हणजे टकल्याला कंगवा. पण नकाशात कंगवा आहे तर कंगवा.” तीही शेगडी ताबा द्यायच्या दिवशी पेटवून दाखवायची होती. भर वैशाखात.

पहिल्या दुपारी मी मागच्या खोलीत चटई टाकली, पदर चेहऱ्यावर घेतला आणि गारव्यात कधी बुडाले ते कळलं नाही. उठले तेव्हा गालावर चटईचे वळ होते आणि अंगावर घामाचा थेंब नव्हता.

“कसं आहे?” घरी आल्यावर ह्यांनी विचारलं.

“बरं आहे,” मी म्हटलं.

“अरे वा! दोन शब्द बोलली. आई, ऐकलंस का? कोकिळा बोलली!”

माझं नाव कोकिळा आहे, आणि त्यावरून सासरी काय काय ऐकावं लागतं ते सांगायला नको.

३

दोन-चार दुपारी गेल्या. एकदा हे थर्मामीटर बघून कपाळाला आठ्या घालून उभे.

“यार, हे खराब झालं दिसतं. ओसरीवर जेवढं, तेवढंच आत दाखवतंय. आणि तू तर इथं थंडगार.”

दुसरं आणलं. तेही तेच सांगायला लागलं. मग ह्यांनी मला समजावलं, आणि ते समजावणं मला आवडलं, कारण तोपर्यंत मला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. म्हणाले, “बघ, नुसत्या वाऱ्यानं पारा उतरत नाही. पंखा घाल नाहीतर फुंकर घाल, काच तशीच राहणार. वारा घामाच्या अंगाला गार करतो. म्हणजे खोली तापलेलीच आहे, पण हिच्यात वारा खेळतो. ताट्यांतून येत असेल. घर पास, बिलकुल पास.”

मला पटलं. ते गेल्यावर मी कौतुकानं ताटीला हात लावला.

ताटी कोरडी होती. वाळ्याच्या काड्या बोटाखाली कडाकड मोडल्या. मी मागच्या दारी आले. भागाबाई केळीच्या सावलीत बसून तंबाखू मळत होती. टाकी भरायचं काम तिचं.

“भागाबाई, टाकीत पाणी?”

“टाकी परवापासून कोरडी हाय माय. पंप बंद पडेल हाय. कायले, उकडून राह्यलं का तुले?”

“नाही,” मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, तंबाखू तोंडात टाकली आणि म्हणाली, “मलेबी नव्हतं उकडत.” मग उठून दुसऱ्या घराच्या सावलीत जाऊन बसली.

मी आत येऊन उदबत्ती लावली आणि खोलीच्या मधोमध उभी केली. धूर ओळंब्यासारखा सरळ वर गेला. वारा नव्हताच. एवढासुद्धा.

मी चटईवर पडले. डोळे मिटले. आणि वारा सुरू झाला.

४

माणूस स्वतःची समजूत घालायला किती हुशार असतं! मी म्हटलं, जमिनीलगत वारा असेल, वर नसेल. फरशीखाली ओल असेल. नवं बांधकाम आहे, चुना अजून ओला असेल. झोप येत असली की कुठलंही कारण पुरतं.

त्या संध्याकाळी मामंजी जेवायला बसले आणि नेहमीप्रमाणे मी ताडाच्या पानाचा पंखा घेऊन त्यांना वारा घालत बसले. आमच्याकडं विजेचा पंखा होता, पण तो साहेब आले की लागायचा. सुनेचा पंखा रोजचा. पंखा घालायचं एक तंत्र असतं. सुरुवातीला हात हलका चालतो. मग खांदा भरून येतो, फटका आखूड होतो, शेवटी पानाची कड जमिनीला घासायला लागते. मग हात बदलायचा.

“हात बदल गं, पण वारा पडू देऊ नको,” आत्याबाई भाकरी वाढता वाढता म्हणाल्या.

मी पंखा डाव्या हातात घेतला. घेताना एक क्षण वारा पडला, आणि मग तो दुसऱ्या बाजूनं सुरू झाला. मामंजींच्या उजव्या कानाला लागणारा वारा आता डाव्या कानाला लागू लागला.

मी तिथंच थांबले.

लालबागेच्या घरात असाच खंड पडत होता. अर्धवट झोपेत माझ्या ते लक्षात आलं होतं. वारा हळूहळू मंद होतो, क्षणभर थांबतो, आणि मग दुसऱ्या बाजूनं ताजा होऊन येतो. लू अशी येत नाही. झरोक्यातला वारा असा येत नाही.

“वारा!” आत्याबाई ओरडल्या. “झोप लागली का काय बसल्या बसल्या? दिवसभर तेच तर करते पोरगी!”

५

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी गेलीस कशाला? गेले. एक तर नाही म्हणायचं म्हणजे बोलायचं आलं. आणि बोलून काय सांगणार? माझ्या माहेरी, तुकईथडला, मालूबाई म्हणून होती, माझ्या चुलत बहिणीची जाऊ. रिकाम्या खोलीत कुणाशी तरी बोलते, एवढ्यावरून तिच्या सासरच्यांनी तिला बैलगाडीत घालून माहेरी आणून सोडली. भाऊ वाईट नाहीत, खायला घालतात. पण ती अजून गोठ्यामागच्या खोलीत राहते, आणि तिच्या नावानं आता कुणी कुठल्या लग्नाची पत्रिका पाठवत नाही. मला ते नको होतं. मला माझं घर हवं होतं, मग ते वारा घालायला लावणारं का असेना.

त्या दुपारी मी झोपेचं सोंग घेतलं. पदराच्या विणीतून छत दिसत होतं. बाहेर लूनं केळीची पानं फाटत होती, त्यांचा आवाज येत होता. मग त्या आवाजाच्या खाली, अगदी माझ्या उशाशी, दुसरा आवाज. सुकं पान फरशीला घासतं तसा. पुन्हा. पुन्हा. खांदा भरून आला की घासतं, तसा.

केळीची पानं असतील, मी मनाशी म्हटलं. पण केळीचं पान ओलं असतं, ते असं वाजत नाही, हे केळीच्या बागेत वाढलेल्या मुलीनं स्वतःला कसं पटवायचं?

मग पायांशीही वारा लागला. तो वेगळा होता. भराभरा आणि तुटक, एखाद्या लहान मुलीला बळेच बसवलं असावं तसा. उशाशी असणारं कुणी संथ होतं, सवयीचं होतं. आणि भिंतीकडून आणखी एक.

मी डोळे उघडले. खोलीत कुणी नव्हतं. वारा थांबला नाही. उलट, मी दचकले म्हणून की काय, तो जरा जवळ आला. आजारी माणूस चाळवलं की आपण पंखा जवळ नेतो, तसा.

मला भीती वाटली का? वाटली. पण त्या भीतीच्या आत दुसरंच काहीतरी होतं, ते सांगायला मला लाज वाटते. मला रडू आलं. लग्न झाल्यापासून मी सगळ्यांना वारा घालत होते. मला कुणी घातला नव्हता. आई सोडली तर आयुष्यात कुणीच नाही. आणि इथं कुणीतरी हात दुखेपर्यंत बसलं होतं, नाव न सांगता, काही न मागता.

मी कूस वळवली आणि झोपले. इतकी गाढ मी माहेरीसुद्धा झोपले नव्हते.

६

सगळ्यात आधी लोण्याच्या लक्षात आलं. वैशाखात लोणी हातात पाणी होतं, पण माझ्या हातात त्याचा गोळा घट्ट राहायला लागला. आत्याबाई खूश. मग त्यांचं डोकं दुखलं की मला हाक. “ये गं, ठेव कपाळावर हात. बाई बाई, काय गार हात आहे! बामाचं काय काम?” हे थट्टा करायचे, “बर्फाच्या कारखान्यातून बायको आणली.” मीही हसायचे. दाखवायला हसायचे, कारण तोपर्यंत मला घरीसुद्धा उकडेनासं झालं होतं. सगळे गच्चीवर तळमळत असताना मी चादर ओढून घ्यायचे. चुलीपुढं बसलं तरी चुलीची धग पदरापर्यंत यायची आणि तिथंच थांबायची.

एका संध्याकाळी आत्याबाई माझ्या शेजारी गहू निवडायला बसल्या आणि त्यांचा हात माझ्या पायाला लागला. त्यांनी हात झटकन मागं घेतला. मग पुन्हा लावला.

“हे पाय आहेत का पाटा-वरवंटा?” त्या म्हणाल्या. आवाज मात्र थट्टेचा नव्हता. “किती दिवस झाले?”

मी पाय साडीखाली सरकवले.

“तोंड आहे ना देवानं दिलेलं? सांगता येत नाही?”

असं म्हणत त्यांनी लसूण आणि ओवा घालून तेल कडकडीत तापवलं आणि माझे पाय मांडीवर घेऊन चोळायला लागल्या. सासूनं सुनेचे पाय मांडीवर घ्यायचे! मी ओढून घ्यायला गेले तर म्हणाल्या, “गप बस.” सुंठीचा काढा पाजला. ऐन वैशाखात माझ्यावर गोधडी टाकली आणि स्वतः घामानं निथळत माझ्या तळव्यांना तेल जिरवत राहिल्या. अंधार पडेपर्यंत. घराला नव्या माणसाची सवय व्हायला किती दिवस लागतात, कोण जाणे. बोटांत ऊब आली तेव्हा मुंग्या आल्या आणि फार दुखलं. ते दुखणं मला गोड लागलं.

“उद्यापासून नाही जायचं तिकडं,” आत्याबाई म्हणाल्या. “मरो ते घर.”

“आई, उद्याच तर ताबा आहे,” हे दारातून म्हणाले. “साहेबांच्या घरच्या स्वतः येणार आहेत. कोकिळा एवढं एक वाक्य बोलली की झालं. भागाबाई सोडली तर बाबांनी तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला झोपवलंय का?”

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. “बोलशील?”

मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाच कळलं नव्हतं.

७

साहेबांच्या बायकोचं नाव सुलभाताई. ग्वाल्हेरच्या. मराठी बोलायच्या, पण तिला हिंदीची फोडणी. कडेवर तान्हा गोटू, सगळ्या अंगावर घामोळं उठलेलं, रडून रडून आवाज बसलेला.

“गर्मी आमच्या ग्वाल्हेरलाही असते हो,” त्या म्हणाल्या, “पण ही तर भट्टी आहे, भट्टी! स्टेशनपासून रडतोय बिचारा.”

मामंजींनी मोठ्या ऐटीत घर दाखवलं. मागच्या खोलीत आल्यावर सुलभाताई दारातच थबकल्या. “हाय राम! किती ठंडक!” आणि मी पुढं होण्याआधीच त्यांनी माझ्या चटईवर गोटूला निजवलं. तो रडायचा थांबला. हळूहळू नाही. एकदम.

“देखो, ह्यानंच घर पास केलं!” त्या हसल्या. “जरा निजू दे त्याला. बहू, तू बैस हं त्याच्यापाशी. आता तुमची ती शेगडी दाखवा.”

सगळे पुढं गेले. मी त्याच्यापाशी बसले. गोटूचे डोळे अर्धे मिटलेले होते आणि तो वर कुठंतरी बघत होता. टाळूवरचं जावळ एकदा इकडं उडे, एकदा तिकडं. मी त्याच्या अंगावर पदर टाकला. पदर फडफडला आणि बाजूला झाला. घामोळं बघता बघता फिकं पडत होतं. मला वाटलं, बरं झालं, लेकराला आराम पडला. मग मी त्याचे ओठ पाहिले. जांभूळ खाल्ल्यासारखे झाले होते.

मी त्याच्या पायाला हात लावला. मला तो पाय ओळखीचा वाटला.

पुढच्या खोलीत ह्यांनी शेगडी पेटवली होती. धुराडं धूर ओढेना. आधी खोकला ऐकू आला, मग मामंजी ओरडले, “अरे, वरचं झाकण काढलं नाहीस का?” आणि दारातून धूर आत आला. उंच नाही, गुडघ्याएवढा, दूध उतू जातं तसा फरशीवरून पसरत.

चटईपाशी आला आणि तिथं त्याला कुणीतरी बाजूला सारलं. अर्धवर्तुळात, पंख्याच्या फटक्यानं. पुन्हा आला, पुन्हा सारला. उशाशी संथ, पायाशी भराभरा. आणि त्या फटक्यांच्या मागं, भिंतीला लागून, धूर काही ठिकाणी शिरतच नव्हता. तिथं पोकळ्या होत्या. खाली रुंद, वर निमुळत्या. गुडघे पोटाशी घेऊन बायका बसतात तशा. एका शेजारी एक. माझी नजर त्या ओळीवरून फिरली. मधे एका जागी मात्र धूर सरळ भिंतीपर्यंत गेला होता. तिथं कुणी नव्हतं. एका माणसापुरती जागा, दोन्हीकडच्यांनी जरा सरकून केलेली. पंगतीत आपल्या माणसासाठी पाट धरून ठेवतात तशी.

मी गोटूला उचलून छातीशी धरलं. वारा माझ्याबरोबर उठला. आता तो आम्हा दोघांना लागत होता, चहूकडून, मायेनं. दारापर्यंत चार पावलं असतील, पण पाय उचलेना, गाढ झोपेत उचलत नाही तसा. गोटूचा श्वास माझ्या गळ्याला लागत होता. मग खंड पडला. मग पुन्हा लागला, पहिल्यापेक्षा कमी.

दारात सगळे जमले होते, खोकत, डोळे पुसत. धुरानं डोळे चुरचुरून त्यांना भिंतीकडचं काही दिसत नव्हतं.

“चला, एकदाचं झालं,” मामंजी म्हणाले. “सांग सूनबाई. ताई थांबल्यात. झोप लागते ना या घरात?”

“लागते म्हण,” हे हळूच म्हणाले.

आत्याबाई मात्र माझ्या पायांकडं बघत होत्या.

मी त्यांच्याकडं पाठ केली. भिंतीकडं तोंड केलं. मालूबाई आठवली, गोठ्यामागची खोली आठवली, आणि मग लक्षात आलं की गोटूचा श्वास चालतोय तेवढाच बोलायला वेळ आहे. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

“बायांनो, पुरे करा आता. हात दुखेपर्यंत मला वारा घातलात, ते उपकार मी जन्मात विसरायची नाही. पण हे लेकरू गारठलंय, त्याला आईकडं जाऊ द्या. ठेवा पंखे खाली. तुम्ही निजा आता. मी घालते तुम्हाला वारा.”